गाडीच्या पोटातला पूर

स्क्रूड्रायव्हर आत गेला तेव्हा आवाजच आला नाही, ते काही मनातून जात नाही. पत्रा म्हटल्यावर ठण्ण व्हायला हवं. मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली होती आणि खाली उभं राहून, मान मागं टाकून ते गाडीच्या तळाला मारलेल्या काळ्या कोटावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत निघाले होते. ठक्. ठक्. ठक्. मी आईशी फोनवर बोलत होते, अर्धंच लक्ष तिकडे. डाव्या दाराखाली आल्यावर ठक्च्या ऐवजी थप झालं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला, टोक टेकवलं, जरासं दाबलं. टोक गेलं ते मुठीपर्यंत गेलं. सादळलेल्या पापडातून बोट जावं तसं.

"ताई, फोन ठेवा जरा. हिकडं या. बोट घाला हितं."

घातलं. कडा कातरी होती आणि आत पदरावर पदर, बेकरीतल्या खारीला असतात तसे, बोट लागेल तिथं सुटत होते. बाहेर काढलं तर बोट तांबडं आणि ओलं. मे महिना चालू होता. मिरज रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. वळवाची एक सर येऊन गेली त्याला बारा दिवस झाले होते, त्यानंतर गाडीवर पाण्याचा थेंब पडला नव्हता. तरी बोट ओलं होतं. मी ते ओढणीला पुसलं. तो डाग अजून आहे. गंजाचा डाग लिंबू-मिठानं जातो म्हणतात, पण मी अजून लिंबू लावलेलं नाही.

"ह्यो काळा कोट कुणी मारलाय?"

"पुरानंतर मारून घेतला होता. दुसरीकडं."

"हां," मिस्त्री म्हणाले.

मी खरं तर स्पीडब्रेकरवर गाडी कुईं करते म्हणून आले होते. बुश बदलायचा, हजारभर रुपये द्यायचे आणि घरी जाऊन कैरीचं लोणचं घालायचं, एवढाच त्या दिवसाचा बेत होता. ते 'हां' ऐकलं आणि २०१९ चा ऑगस्ट डोळ्यांसमोर उभा राहिला.

आईचं घर गावभागात. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे सांगलीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलं होतं आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या मनात एक रेघ होती: २००५ ला उंबऱ्यापर्यंत, २००५ ला तिसऱ्या पायरीपर्यंत. त्या रेघेच्या भरवशावर आम्ही एक दिवस जास्त थांबलो. त्या वर्षी पाणी ५७ च्या पुढे गेलं. आईला, तिच्या औषधांच्या डब्याला आणि देवघरातल्या देवांना गाडीत घालून मी विश्रामबागकडे निघाले तेव्हा मारुती चौकात पाणी आलेलं होतं. गाडी पहिल्यात टाकली, ॲक्सिलरेटर सोडला नाही. मधेच पायाला गार लागलं. खाली बघितलं तर पायपुसणी तरंगत होती. आई मागून म्हणाली, "थांबू नको." थांबले नाही. इंजिन बंद पडलं नाही, त्या दिवशी तेवढं नशीब पुरलं.

पूर ओसरल्यावर सांगलीतल्या गॅरेजांबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. दारं उघडी, सीटा काढून रस्त्यावर वाळत घातलेल्या, सगळीकडे तो वास. ज्यांनी पूर बघितलाय त्यांना तो सांगावा लागत नाही आणि ज्यांनी नाही बघितला त्यांना सांगता येत नाही. गाळ, गटार, डिझेल, भिजलेली गादी आणि कुठंतरी मेलेलं काहीतरी. माझ्या गाडीचं तसं फार काही झालेलं नव्हतं. एका गॅरेजनं ती आतून-बाहेरून धुतली, कार्पेट बदललं आणि विचारलं, "मॅडम, खालून कोटिंग करून टाकू? पुन्हा दहा वर्षं बघायला नको." साडेचार हजार रुपये. मी हो म्हटलं आणि वर हेही म्हटलं, की परवापर्यंत द्या, मला बँकेत जायला गाडी लागते.

हे 'परवापर्यंत' माझं होतं. त्यांच्यावर चिडताना मी तेवढा भाग सोयीनं गाळत आले आहे.

गाडी परत घ्यायला गेले तर त्यांनी ती कौतुकानं वर उचलून दाखवली. पूर्वी खाली कायकाय होतं, चिखल, पाइप, खरवडलेला रंग. आता एकसारखं काळंभोर, जाडसर, संत्र्याच्या सालीसारखं दाणेदार. नव्या टायरसारखा वास. मी फोटो काढला. महिनाभर चिखल उपसल्यावर, आईच्या लग्नातली पैठणी अक्षरशः फावड्यानं बाहेर काढल्यावर, काहीतरी इतकं स्वच्छ आणि पूर्ण झालेलं दिसणं ही काय चीज असते! बरं वाटलं होतं मला. अगदी पोटातून बरं वाटलं होतं.

तसं सगळ्या सांगलीनंच ते केलं. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती आणि भिंतींवर पुराची रेघ ठेवून दिवाळी कशी करायची? गल्लीत रंगारी मिळेनात. पिस्ता, बदामी, फिकट जांभळा. आमच्या आईनं मात्र रंग द्यायला साफ नकार दिला. "भिंत सुकू दे," एवढंच म्हणाली. तिनं सुटलेलं प्लास्टर छातीएवढ्या उंचीपर्यंत पाडून टाकलं आणि उघड्या विटांच्या खोलीत दिवाळी केली. पाडव्याला आलेली माणसं भिंतीकडे बघून चहा पीत होती. मी तिच्याशी भांडले. लोक काय म्हणतील हे मी तोंडानं बोलले नाही, पण भांडले त्याचसाठी. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्यांच्या पिस्ता रंगाला फोड आले, मिठासारखी पांढरी भुकटी फुटली, पोपडे गळायला लागले. आईनं त्यावर एक शब्द काढला नाही. तिनं काढला असता तर बरं झालं असतं, असं मला बऱ्याचदा वाटतं.

गाडीचंही तेच झालं होतं. गंजाला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि हवा. कोट या दोघांना बाहेर ठेवतो, हे खरंच आहे, पण तो मारण्याआधी जे आत राहिलं ते आतच कोंडलं जातं. ओल्या पत्र्यावर, अर्धवट निघालेल्या गाळावर, आधीच धरलेल्या गंजावर रबरासारखा जाड थर बसला की वरून काही कळत नाही. काळा रंग दिसतो, आपण निर्धास्त. दोन वर्षांनी खडी उडून कोटाला कुठंतरी बारीक तडा जातो, तिथून पाणी आत सरकतं आणि कोटाच्या आड पसरत जातं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतं, म्हणून ते फुगतं, पदर सुटतात, त्या पदरांत आणखी पाणी बसतं.

पण माझ्या गाडीत नुसतं एवढंच झालेलं नव्हतं. मिस्त्रींनी टॉर्च माझ्या हातात दिली आणि दाराखालच्या पोकळ पट्टीवर बोट फिरवलं. "हितं भोकं असत्यात. कुठं हायत?" नव्हती. काळ्या कोटाखाली गडप झाली होती. त्यांनी अंदाजानं एका जागी टोकरलं, कोटाची गोळी निघाली आणि चिंचोक्याएवढं गोल छिद्र उघडं झालं. कारखान्यात गाडीचा सांगाडा अख्खा रंगाच्या हौदात बुडवतात, वीज सोडून तो रंग लोखंडाला चिकटवतात. त्या वेळी रंग पोकळीत शिरावा आणि जादाचा निथळून जावा म्हणून सांगाड्याला भोकं लागतात. त्यातली काही नंतर बुचानं बंद करतात, काही पावसाचं पाणी निघून जायला तशीच उघडी ठेवतात. दारातून, काचेच्या फटीतून पाणी आत येतच असतं. ते येऊ नये अशी गाडी कुणी बनवत नाही, आलेलं बाहेर जावं अशी बनवतात. साडेचार हजारांत मी नेमकी जाण्याची वाट बुजवून घेतली होती.

हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही.

आण्णांची एक डिझेल जीप होती. अंकलखोपच्या वस्तीवर असायची. ऊस, माणसं, खताची पोती, एकदा तर व्यालेली शेळी, सगळं तीच वाहायची. दरवर्षी आखितीच्या नंतर, मिरगाच्या आधी आण्णा तिच्याखाली शिरायचे. बारदान अंथरायचं, पाठीवर झोपायचं, आणि मी शेजारी पोटावर पालथी, हातात तीन सेलची टॉर्च. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. आधी खुरपं आणि तारेचा ब्रश घेऊन सगळा चिखल खरवडायचा, तो तोंडावर पडायचा, ते थुंकायचे आणि परत खरवडायचे. मग दाभण. पोती शिवायचं जाड, वाकडं दाभण. चेसीच्या प्रत्येक भोकात ते घालून फिरवायचे. कधी वाळकी माती भुरभुर पडायची, कधी गवताची काडी, एकदा गांधीलमाशीचं मातीचं घरटं. माझी टॉर्च हलली की म्हणायचे, "हितं दाव, माझ्या तोंडावर नगं. म्या दिसतोय मला." आणि भोकं साफ झाली की दरवर्षी तेच वाक्य, हमखास: "गाडी मुतली पायजे. मुतंना झाली की जनावरासारखीच. पोट फुगून मरती." आई वरून ओरडायची, पोरीसमोर काय बोलता. आम्ही दोघं गाडीखाली हसायचो.

त्यानंतर चार दिवस जीप उन्हात नुसती उभी. मग काळं ऑइल. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल वर्षभर डब्यात साठवलेलं असायचं, ते चुन्याच्या कुंचल्यानं खालून सगळीकडे फासायचे. आणि लगेच जीप काढून पाणंदीच्या फुफाट्यातून दोन फेऱ्या मारायच्या. धुरळा उडायचा, तेलाला चिकटायचा, त्याचा एक थर व्हायचा. "धूळ खाल्ली की बसतं," म्हणायचे. मला त्या वासाची लाज वाटायची. ते शाळेत सोडायला आले की मी जीप लांब थांबवायला लावायचे.

आता कुणी म्हणेल, बघा, जुनं ते सोनं. तसलं काही मला म्हणायचं नाही. त्या ऑइलनं जीपचे रबरी बुश फुगून ढिले व्हायचे आणि दर दोन वर्षांनी बदलावे लागायचे. जिथं जीप उभी असायची तिथं आईनं तीनदा कण्हेर लावली, तीनदा जळाली. आण्णांच्या हातांना कायम भेगा आणि खाज. ते रॉकेलनं हात धुवायचे, म्हणजे आगीतून फुफाट्यात. जळकं ऑइल अंगाला बरं नसतं आणि विहिरीजवळच्या जमिनीला तर त्याहून नाही. पण खरवडणं, दाभण आणि चार दिवसांचं ऊन, या तीन गोष्टींत त्यांचं काही चुकत नव्हतं. मी टॉर्च धरून हे सगळं बघितलं होतं आणि तरी 'परवापर्यंत' म्हणाले होते.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी ती पट्टी ग्राइंडरनं कापली. मी रजा काढून गेले होते. का गेले, सांगता येणार नाही. ठिणग्या थांबल्यावर त्यांनी पत्र्याचा तुकडा पक्कडीनं ओढला आणि आतून भळकन काहीतरी फरशीवर पडलं. पाणी थोडं, बाकी गाळ. वरच्या अंगाला सुकून भेगाळलेला, आत ओला, लोण्यासारखा मऊ. खडा नाही, वाळू नाही. पूर गेल्यावर आईच्या स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत साचला होता तोच, अंगठ्यानं चोळला तर बोटांच्या रेषांत भरून राहणारा. मिस्त्रींचा पोऱ्या केरसुणी घेऊन आला तर मी त्याला थांबवलं. ओणवं होऊन बघत बसले. पाच वर्षं हा माझ्याबरोबर होता. पुण्याला मुलाला हॉस्टेलवर सोडायला गेले तेव्हा होता. बहिणीच्या मुलीच्या लग्नात गाडीला फुलं लावली तेव्हा होता. आण्णांच्या वर्षश्राद्धाला हरिपूरच्या संगमावर गेलो तेव्हा गाडी घाटापाशी उभी केली होती, नदी समोर आणि नदी दाराखाली. २०२१ ला पुन्हा पाणी वाढलं तेव्हा मी शहाणपणानं दोन दिवस आधीच गाडी उंचावर नेऊन लावली आणि सगळ्यांना सांगत सुटले, की या वेळी गाडीला थेंब लागू दिला नाही.

"किती असंल?" मी विचारलं.

"दोन्ही बाजू धरून घमेलंभर निघंल," मिस्त्री म्हणाले. मग जरा थांबून, "काळी माती हाय. झाडाला चांगली." आणि हसले.

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. मीच सांगितलं, गडबड नको. त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. सडलेला पत्रा कापून नवा वेल्डिंगनं बसवला. ब्रेकच्या तेलाची नळी खालून जाते ती त्यांनी बोटानं चाचपून दाखवली, एका जागी खरखरीत लागत होती, ती बदलली. पत्रा सडला तर भोक पडतं, ही नळी फुटली तर ब्रेक नीट लागतच नाही. चुकून जरी कोट सायलेन्सरवर, ब्रेकच्या डिस्कवर, सांध्यांवरच्या रबरी बुटांवर उडाला तर काय होतं हे सांगताना ते माझ्या नवऱ्याकडे बघून बोलत होते. तो तिथं फक्त मला घ्यायला आला होता आणि त्याला रबरी बूट म्हणजे पावसाळी बूट वाटले.

जिथं गंज वरवरचा होता तिथं त्यांनी तारेचा ब्रश मारून एक पातळ पांढरट औषध लावलं. बघता बघता तांबडं करडं झालं, मग जांभळट, अर्ध्या तासात कुळकुळीत काळं. डबी वाचली: टॅनिक ॲसिड. मला एकदम आजीची शाई आठवली. तिचं माहेर पाटणकडचं, डोंगरातलं. तिकडे हिरडा होतो. हिरड्याच्या काढ्यात गंजके खिळे टाकून ठेवायचे की काळी शाई होते, असं ती सांगायची. हिरड्यात हेच टॅनिन असतं. लोखंडाशी गाठ पडली की काळं पडतं आणि मग सहजी पाण्यानं जात नाही. गाडीच्या पोटाखाली आजीची शाई फासली जातेय हे मी मिस्त्रींना सांगितलं. "असंल," ते म्हणाले. त्यांना पुढची गाडी घ्यायची होती.

पोकळीत मात्र त्यांनी जाड काही भरू दिलं नाही. लांब, बारीक नळीनं आत मेणाचा फवारा मारला. मेण ओघळतं, सांध्यांत शिरतं, मऊच राहतं, त्यामुळे तडकत नाही. दोन-तीन वर्षांनी परत मारावं लागतं. लोकरीच्या मेणाचेही असे फवारे मिळतात म्हणे. जत-आटपाडीकडे घोंगडं पांघरून पावसात मेंढरामागं उभा असलेला धनगर आठवला. त्याच्या लोकरीत थोडं तेल असतं, पाणी पटकन आत शिरत नाही. मेण मारल्यावर भोकांतून दोन दिवस थेंब गळत होते. आमच्या पार्किंगच्या फरशीवर पिवळट ठिपक्यांच्या दोन रांगा उठल्या, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. मी माफी मागितली. मनातून खूश होते.

दिवाळीनंतर आम्ही आंबा घाटानं गणपतीपुळ्याला गेलो. आईलाही नेलं. मुलानं गाडी पार ओल्या वाळूपर्यंत नेली, मी ओरडेपर्यंत चाकं खाऱ्या पाण्यात. पावसाळ्यात मिठाची बरणी जशी आपोआप पाझरते, तसं पत्र्यावर वाळलेलं मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं आणि खारं पाणी गंजाला साध्या पाण्यापेक्षा फार लवकर रुजवतं. म्हणून परत आल्यावर पहिलं काम हे, की गाडीखाली नळी धरायची. वॉशिंग सेंटरवाले वरून फेस करतात, चमकवतात. खालून म्हटलं की "परवाच केलं ना मॅडम" असं काहीतरी उत्तर येतं. म्हणून रविवारी सकाळी मीच बसले. पाठ आता बारदानावर टेकत नाही, योगाची मॅट घेतली. मुलगा टॉर्च धरायला तयार होता, पण त्याचा मोबाइल वाजला आणि तो धरता धरता वर निघून गेला. मोबाइलची टॉर्च लावून फोन टायरला टेकवला.

दाभण आईकडून आणलं होतं. "कशाला? पोतं शिवायचंय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती काही बोलली नाही. आत जाऊन फडताळातून ते काढून आणलं, पदरानं पुसलं आणि टोक स्वतःकडे ठेवून माझ्या हातात दिलं.

डाव्या बाजूला पाच भोकं, उजव्या बाजूला चार. नळी बंद केली आणि बघत राहिले. एकेक करून गळायला लागली. आधी जोरात, मग थेंबाथेंबानं, प्रत्येकाची लय वेगळी. आठ गळत होती. उजवीकडचं शेवटचं, मागच्या चाकाच्या अलीकडचं, कोरडं होतं. मी दाभण घातलं, फिरवलं. काही नाही. जरा जोर लावला, आणखी वर सारलं, फिरवलं. काळी, चिकट गुठळी अंगठ्यावर आली, तिच्यामागून वाळूचे चार कण, आणि मग एकदम गार पाण्याची धार मनगटावरून बाहीत, कोपरापर्यंत.